शिकेकाईचा कटोरा

१

दिवा पुन्हा लागला, तेव्हा इनता आजोबांच्या फळीवरचा चांदीचा कटोरा जागेवर नव्हता.

हे सगळ्यांच्या आधी दिसलं बुनमाला. शेजारच्या गाड्यावर काय चाललंय याकडे तिचं स्वतःच्या निखाऱ्यांपेक्षा जास्त लक्ष असायचं. "आजोबा! कटोरा!" ती किंचाळली, आणि जाळीवरची गवती चहा घातलेली सॉसेजं करपायला लागली तरी जागची हलली नाही.

चानपेंग समोरच्याच बाकावर बसली होती. नखशिखान्त भिजलेली, गालांना कुणीतरी पांढरी माती फासलेली, मांडीवर कोंबड्याचं चित्र काढलेला चिनी मातीचा वाडगा. नुकताच पाण्याची पिंपं भरलेला पोरांचा टेम्पो बाजारातून गेला होता आणि त्यांनी अख्ख्या रांगेला आंघोळ घातली होती. त्याच आरडाओरड्यात आजोबांच्या गाड्यावरचा दिवा गेला, आणि आला तो कटोऱ्याशिवाय.

"तारेवर पाणी आलं, म्हणून मीच बटण बंद केलं," आजोबा म्हणाले. "कुणाला शॉक बसला असता म्हणजे?"

"चानपेंगताई, तुम्ही पोलिसात होता ना?" बुनमा म्हणाली. "मग बसलात काय अशा?"

"निवृत्त झाले गं मी. आता फक्त शेवया खायला येते."

ते खरंही होतं. बँकॉकच्या पोलिसात आयुष्य घालवून ती जमादार म्हणून निवृत्त झाली होती, पण पाण्याच्या सणाला लम्पांगला यायचं तिनं नोकरीतही चुकवलं नाही. बहिणीकडे पिशवी टाकायची आणि पहिल्याच संध्याकाळी नदीकाठचा बाजार गाठायचा. तिच्या लहानपणी इथे सागवानी घरांच्या ओसऱ्यांखाली कंदील लावून बाजार भरायचा. आता दिव्यांच्या माळा होत्या, फोन झाकायच्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या आणि कानठळ्या बसवणारी गाणी होती. बदलला नव्हता तो इनता आजोबांचा सावरीच्या सुक्या फुलांचा लालभडक रस्सा, त्याखालच्या तांदळाच्या शेवया, आणि त्यांचा नियम. वाडगा हवा तिथे न्या, नदीच्या पायऱ्यांवर बसून खा, टांग्यात चढून खा. पण शेवटचा वाडगा परत आल्याशिवाय त्यांचा दिवा मालवायचा नाही.

एका पावसाळ्यात नदीच बाजारात शिरली होती. सगळे सामान उचलून पळाले. लहानगी चानपेंग वरच्या पायरीवर वाडगा मांडीत घेऊन झोपलेली. जाग आली तेव्हा सगळ्या अंधारात एकच कंदील दिसत होता आणि त्याखाली गुडघाभर पाण्यात तरणेबांड इनता काका उभे होते. त्यांनी आधी तिचा कान पिळला आणि मग तळाला उरलेला रस्सा तिच्या वाडग्यात ओतला. नोकरीत तिला पुष्कळ जणांनी रागावून घेतलं, पण इतक्या मायेनं पुन्हा कुणी नाही. सगळा बाजार त्यांना आजोबा म्हणायला लागला तरी ती अजून काकाच म्हणायची.

कटोरा त्यांच्या गेलेल्या बायकोचा, खामनोय काकूंचा. सणाच्या शेवटच्या, राजदिवशी अख्खी रांग आजोबांपुढे गुडघे टेकायची. त्या कटोऱ्यातलं शिकेकाईचं पाणी त्यांच्या हातांवर घालून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, आणि ते ओल्या हातानं आशीर्वाद द्यायचे. यंदा तर त्या पाण्याची खास वाट पाहिली जात होती. त्यांची नात फोंगकेव स्वीडनमधल्या एका थाई खानावळीत स्वयंपाकीण म्हणून निघाली होती. राजदिवशी संध्याकाळी तिची बस होती.

फोंगकेवनं हातातली पळी खाली ठेवली.

"कटोरा नाही तर पाणी नाही," ती हळूच म्हणाली. "आणि आजोबांचं पाणी घेतल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही."

२

चानपेंगनं शेवयांचा वाडगा संपवला आणि कामाला लागली. कोळशाच्या पोत्यामागे पाहिलं, पातेल्यांत पाहिलं, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. गाड्याखाली वाकली तेव्हा वाळूच्या बादलीवर पायाचा अंगठा ठेचला. दुसऱ्या दिवशी विहारात वाहायला म्हणून नदीतली वाळू प्रत्येक गाड्याखाली अशी भरून ठेवलेली होती. कटोरा कुठेच नव्हता.

मिळाली ती एक बशी. फळीच्या मागे, उपड्या परातीखाली झाकलेली. बशीत भाजलेल्या शिकेकाईच्या शेंगा आणि त्यांच्यावर करडईची सुकी फुलं.

"हे तर कटोऱ्यातलं," फोंगकेव म्हणाली. "दुपारी मीच भरून ठेवलं होतं."

चानपेंगनं एक शेंग मोडली. कट्कन आवाज झाला. आसपासचं सगळं टपटप गळत होतं, तिच्या स्वतःच्या वेणीतून पाणी वाहत होतं, आणि शेंगा मात्र कोरड्या ठणठणीत.

एवढ्यात गर्दीतून थवत पुढे आला. बाजाराच्या टोकाला त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. बँकॉकहून येऊन त्याला काही वर्षं झाली असली तरी बाजाराच्या हिशेबी तो अजून पाहुणाच. दर सणाला तो आजोबांना विचारायचा, कटोरा विकणार का. आणि दर सणाला आजोबा नाही म्हणायचे.

"काय झालं?" त्यानं विचारलं, आणि सगळ्या रांगेनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा एक पाऊल मागे सरला.

"काय झालं ते उद्या नाही सांगता येणार," बुनमा दातओठ खात म्हणाली. "उद्या कुजका दिवस आहे. पण परवा सकाळी तोंडं मोकळी झाली ना, की मी सांगेन. आणि मग काही जणांना या बाजारातून सामान बांधायला लागेल."

बऱ्याच माना हलल्या. चानपेंग ते बघून घाबरली. बाजाराचा राग तिला ठाऊक होता. त्याला पुरावा लागत नाही. आणि तिच्या हातात होता तो एकच दिवस, कुजका दिवस. त्या दिवशी जो वाईट बोलेल त्याचं तोंड वर्षभर कुजतं असं लम्पांगमध्ये तान्ह्या पोराला सुद्धा ठाऊक. एकही साक्षीदार कुणाविरुद्ध अवाक्षर काढणार नव्हता.

३

"थवतबद्दल तुझं काय मत आहे?" सकाळी तिनं बुनमाला विचारलं.

बुनमानं आवंढा गिळला. "त्याच्या चपला फार छान असतात."

"आणखी?"

"दोन्ही पायांत असतात."

"बुनमा!"

"मग काय सांगू, ताई? चांगलंच बोलायचंय ना?"

"मग चांगलंच सांग. काल अंधार झाला तेव्हा त्यानं काही चांगलं केलं का?"

आतड्यांत मसाला भरणारे बुनमाचे हात थांबले. "केलं," ती जरा नाइलाजानं म्हणाली. "माझ्याच गाड्यापुढे उभा होता. टेम्पो आला तसं माझ्या टोपाचं झाकण उचलून माझ्या डोक्यावर धरलं. दिवा येईपर्यंत धरून होता. स्वतः भिजला मेला... म्हणजे, स्वतः भिजला."

"अगं, मग काल का नाही बोललीस?"

"काल त्याचं चांगलं विचारलं कुणी?"

चानपेंगला हसू आलं. इतकी वर्षं तिनं लोकांकडून दुसऱ्यांचे दोषच वदवून घेतले होते. ही उलटी तपासणी आपल्याला आधी का सुचली नाही, असं तिला वाटून गेलं.

थवत दुकानात पितळी घंटा पुसत बसला होता. "तो कटोरा मला हवा आहे, खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "पण आजोबा चुकून हो म्हणाले तर माझीच पंचाईत व्हायची. मी विचारतो, ते नाही म्हणतात, मग मला शेवया वाढतात. पुढच्या वर्षी विचारू काय मग?" घंटा पुसता पुसता तो थांबला. "काल आल्या आल्या फळीकडे बघितलं. सवयच आहे. वर केळीचं पान पसरलेलं होतं. म्हटलं, पाणी उडेल म्हणून झाकला असेल."

"हे टेम्पोच्या आधी?"

"बरंच आधी."

फोंगकेव घरी बॅग भरत नव्हती. भरलेली बॅग उघडून नुसती बघत होती. आजोबांबद्दल विचारलं तर थांबेना : ते वेण्या घालायला कसे शिकले, शाळेच्या डब्यात रोज रस्सा दिल्यामुळे वर्गातली पोरं तिला लालतोंडी कशी म्हणायची. "तुला जायचंय ना?" चानपेंगनं विचारलं. "जायचंय, मावशी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "फार जायचंय. म्हणूनच तर भीती वाटते."

दुपारी आजोबा पातेल्यात पळी फिरवत होते. चानपेंगनं बाकावर बूड टेकलं न टेकलं तोच वाडगा पुढे आला.

"काका, आज चांगलं बोलायचा दिवस. रांगेतल्या एकेकाबद्दल सांगा बघू."

आजोबा खुलले. बुनमाच्या हाताला चव आहे. थवतकडे चिकाटी आहे, आणि चांदी ओळखायची नजर आहे. टेम्पोतली पोरं सुद्धा गुणी, म्हातारी माणसं दिसली की पाणी हळू मारतात.

"आणि फोंगकेव?"

पळी थांबली. पाठमोरे होऊन त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "रस्सा खाली लागतोय," ते म्हणाले.

रस्सा खाली लागत नव्हता. चानपेंग खालमानेनं खात राहिली. थवतची सुद्धा स्तुती करणारा म्हातारा सख्ख्या नातीबद्दल एक गोड शब्द बोलत नाही, याचा अर्थ राग नव्हता. बोलायला तोंड उघडलं तर भलताच शब्द बाहेर येईल, अशी भीती होती ती. समोर आजोबा सवयीनं बाकावरचे वाडगे नजरेनं मोजत होते, कोण आला, कोण राहिला.

चानपेंगचा घास तोंडाशीच थांबला. काल दिवा गेला तेव्हा तिच्या मांडीवर काय होतं?

४

उन्हं कलल्यावर सगळा बाजार बादल्या घेऊन विहाराकडे निघाला. वाटेवर बहावा फुलला होता आणि पोरं पाण्याच्या बंदुका खाली धरून, शहाण्यासारखी चालत होती. इनता आजोबांचा गुडघा वर्षभर दुखत होता, तरी आपली बादली त्यांनी स्वतःच उचलली. फोंगकेवनं हात पुढे केला तर तो बाजूला सारला.

बोधिवृक्षाजवळ त्यांनी बादली उपडी केली. ओल्या वाळूचा सुबक गोल स्तूप उभा राहिला. घरातल्या धाकट्यानं वर पताका खोचायची असते. फोंगकेव खाली वाकली. चानपेंग दुरून येत होती. ती पोचली तेव्हा आजोबा पायऱ्यांवर टेकले होते, फोंगकेव कुठे दिसत नव्हती, आणि अंगणातल्या साऱ्या पताका ताठ असताना यांचीच तेवढी एका बाजूला कलली होती.

"वाकडी लागलीय वाटतं," चानपेंग म्हणाली.

"वाकडी काय, ताई!" बुनमानं डोळे वटारले. "आजचा दिवस काय, तुम्ही बोलता काय! नम्र आहे ती."

"बरं, नम्र आहे. फोंगकेवनं खोचली?"

"हो. आणि वेळही केवढा लावला. मधोमध दाबत होती, दाबत होती, मग उगीच थांबली आणि कडेला खोचून निघून गेली."

चानपेंगनं स्तूपाला हात लावला नाही. ती सरळ भन्तेंकडे गेली. म्हातारे भन्ते झाडाखाली पोरांच्या पिचकाऱ्या सांभाळत बसले होते.

"भन्ते, वाळूबरोबर कुणाची वस्तू आली तर?"

"आली तर आली," ते म्हणाले. "वर्षभर आपण विहाराची वाळू पायाला लावून घरी नेतो. म्हणून तर ही परत आणायची. आणलेलं पुन्हा उचलून कसं न्यायचं? ते विहाराचं झालं."

कटोरा सापडला होता, वाळूच्या स्तूपात. पण तो फळीवर परत जाणार नव्हता, आणि सकाळ झाली की बाजाराची तोंडं सुटणार होती.

५

राजदिवशी सकाळी लवकर तिनं आजोबांना आणि फोंगकेवला नदीच्या पायऱ्यांवर बोलावलं. याच पायऱ्यांवर ती एकदा वाडगा घेऊन झोपली होती.

"काका, परवा दिवा का मालवलात?"

"सांगितलं ना. तारेवर पाणी..."

"नदी आत आली तेव्हा गुडघाभर पाण्यात उभे होता तुम्ही. माझा एक वाडगा बाहेर होता म्हणून."

"तो कंदील होता. ही वीज आहे."

"वीज असली तरी तुम्ही आधी ओरडला असता, वाडगे आणा म्हणून. परवा निम्मे वाडगे बाहेर होते आणि तुम्ही हूं की चूं न करता बटण दाबलंत. शेंगा कोरड्या होत्या, म्हणजे कटोरा पाण्याच्या आधीच रिकामा झाला होता. चोर घाईत असतो, तो शेंगा बशीत काढून वर परात झाकत बसत नाही. थवतनं पाहिलं त्या केळीच्या पानाखाली काही नव्हतंच. अंधार चोरीसाठी नव्हता, चोरी झाली असं वाटावं म्हणून होता. तेव्हा घरातलीच दोघं उरली. हिच्या दोन्ही हातांत पळी आणि वाडगा होता, दिवा गेला तेव्हा माझ्यासमोर होती ही. आणि काल तुमच्या वाळूच्या स्तूपात पताका काही सरळ जाईना."

आजोबा नदीकडे बघत बोलू लागले.

"हिची आई निघाली तेव्हा याच कटोऱ्यातनं पाणी घेतलं होतं तिनं. मीच म्हणालो, जा, सुखी राहा. दक्षिणेला, बेटावरच्या हॉटेलात कामाला गेली. त्याच वर्षी समुद्र आत आला." ते थांबले. "सापडली सुद्धा नाही गं. माझ्या या हातानं तिला पाठवलं. आता त्याच हातानं, त्याच कटोऱ्यानं हिला कसं पाठवू? नको जाऊ म्हणायचा मला हक्क नाही. म्हणून म्हटलं, कटोराच नसेल तर... यंदाची बस तरी चुकेल. त्या पोरावर, थवतवर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

"मला माहीत होतं," फोंगकेव म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"काल पताका खोचताना आत खण्ण वाजलं. काही बोलले नाही. दिवसच तसा होता." ती त्यांच्या पायाशी बसली. "आजोबा, मी तुम्हाला एवढी हवी असेन तर नाही जात मी. बस जाऊ दे."

हेच तर त्यांना हवं होतं. चानपेंगला वाटलं, आता म्हातारा हो म्हणणार. आजोबांनी नातीच्या केसांवरून हात फिरवला, बराच वेळ फिरवत राहिले. मग गुडघ्यावर हात रोवून उठले.

"शेंगा भिजत घाल," ते म्हणाले. "लोक यायला लागतील."

बाजार जमला. बुनमा घसा साफ करून पुढे झाली, पण तिच्या आधी चानपेंग बोलली. कटोरा कुणी चोरलेला नाही, आजोबांनी तो विहाराला दिला. बुनमानं आजोबांकडे पाहिलं, फोंगकेवच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच पुढचा प्रश्न विचारला नाही. ती वळली ती थवतकडे.

"ए, छान चपलांच्या! सॉसेज खाणार का? आज फुकट आहे."

"पण आजोबा, आता पाणी कशातनं?" कुणीतरी विचारलं.

आजोबांनी गाड्यावरचा एक वाडगा उचलला. कोंबड्याचं चित्र झिजलेलं, काठाला टवका गेलेला. शिकेकाईचं पाणी त्यात ओतलं, वर करडईची फुलं सोडली. सगळ्यांनी आपापली वेळ आल्यावर गुडघे टेकले. थवतपुढे मात्र आधी आजोबांनीच हात जोडले, आणि तो इतका गोंधळला की निम्मं पाणी स्वतःवरच सांडून बसला.

शेवटी फोंगकेव. तिनं त्यांच्या हातांवर पाणी घातलं. आजोबांनी ओले तळवे तिच्या डोक्यावर ठेवले, ओठ हलले, पण नेहमीचा मंत्र काही बाहेर येईना. मग त्यांनी वाडगा निथळला, खांद्यावरच्या पंच्यानं कोरडा केला आणि तिच्या हातात दिला.

"हा घेऊन जा."

"मला?"

"तुला नाही," ते खेकसले. "दुकानाचा आहे. दुकानाचा वाडगा कुणाला द्यायचा नसतो. हवा तिथे न्यायचा, खायचं, आणि परत आणून द्यायचा."

फोंगकेवनं तो बॅगेत सगळ्यात मधे, कपड्यांच्या घडीत ठेवला. संध्याकाळी बस गेली.

बाजार उठायच्या वेळी चानपेंग शेवटचा वाडगा द्यायला आली. रांगेतले दिवे मालवत चालले होते. बुनमा जाळी घासत होती. आजोबांनी वाडगे धुतले, एकात एक रचले, नेहमीप्रमाणे मोजले आणि गाड्यावर कापड ओढलं.

"काका, दिवा राहिला."

"राहू दे," आजोबा म्हणाले. "एक वाडगा बाहेर आहे."